पेंडालवाही व इतर तीन गावे

नूतननं डब्याला कान लावला. आत पंखा फिरत होता, तेवढंच. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या तीन ओळी आल्या आणि सगळं परत जागच्या जागी थांबलं. सकाळपासून हे नवव्यांदा. तिनं बटण दाबून धरलं, मनात पाच मोजले, सोडलं, आणि दहाव्यांदा संगणक चालू केला. तीन ओळी.

“मेल्या, बोल न गा काईतरी!” ती म्हणाली.

दारात लटारू पाण्याचा गिलास घेऊन उभा होता. कार्यालयातला चपराशी, साठीच्या जवळ आलेला, डोक्याला कायम दुपट्टा गुंडाळलेला. रोज तो गिलास टेबलावर ठेवून निघून जायचा. आज हातातच धरून राहिला.

“नाई झाला का चालू, बाई?”

“नाई.”

“मी त्याले हातच नाई लावला,” लटारू म्हणाला. “तुमी कागद चिकटवला होता न, ‘संगणक बंद करू नये’. मी वाचला. दोनदा वाचला. म्हणून काल फडक्यानं पुसला बी नाई.”

“मंग काय केलं?”

“मंग काय? रोजच्यासारखा मेन पाडला अन् गेलो घरी.”

नूतन त्याच्याकडं बघत राहिली. आधी तिला हसू आलं, आणि लगेच विरलं.

लटारूचं काही चुकलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. चार वर्षांपूर्वी अहेरीत रात्रीतून व्होल्टेज वाढलं आणि कार्यालयातली मीटरची पेटी जळाली, सोबत अर्धं कपाट फायली. तेव्हाच्या साहेबांनी लेखी हुकूम काढला, की शेवटी जाणाऱ्यानं वऱ्हांड्यातला मेन स्विच खाली पाडल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. तो कागद अजून पेटीवर चिकटलेला होता. त्या दिवसापासून लटारूनं एक दिवस चुकवला नव्हता. आणि काल जिल्ह्याहून एक सीडी आली, सोबत पत्र, की सगळ्या संगणकांवर विंडोजची ही नवीन आवृत्ती विनाविलंब टाकावी. नूतननं चार वाजता ती लावली. पावणेसहाला पडद्यावरची निळी पट्टी जेमतेम अर्ध्यावर आली होती आणि तिची घरी जायची आलापल्लीची शेवटची बस सुटायला दहा मिनिटं होती. तिनं कागद लिहिला, पडद्याला चिकटवला आणि धावत सुटली. यूपीएसची बॅटरी दोन उन्हाळ्यांपूर्वीच मेली होती. मागणीपत्रं तीन गेली होती.

म्हणजे मधेच वीज गेली आणि संगणक धड जुना राहिला नाही, धड नवा झाला नाही.

नुसता संगणक गेला असता तर नूतनला त्याचं फारसं सुतक नसतं. सरकारी डबा, आज ना उद्या जायचाच. पण त्याच्या पोटात यादी होती. वनहक्काच्या दाव्यांची. पिढ्यान् पिढ्या जंगलात जी जमीन कसली ती कायद्यानं नावावर व्हावी, म्हणून पंधरा गावांनी अर्ज भरले होते. अकरा गावांची यादी मार्चमध्येच जिल्ह्याला गेली होती. उरली होती पहाडाकडची चार गावं, एकशे एकोणीस घरं. ती तिनं एप्रिलभर बसून टाईप केली होती. शुक्रवारी जिल्ह्याची बैठक होती. शुक्रवारच्या यादीत जे नाव नाही ते या फेरीत नाही, आणि पुढची फेरी कधी हे कोणालाच माहीत नव्हतं. आज बुधवार. एप्रिलभराचं टायपिंग दोन दिवसांत परत होणार नव्हतं.

दुसरीकडं उतरवून ठेवावी म्हटलं, तर पेन ड्राइव्ह लावायला साहेबांची सक्त मनाई. व्हायरस येतो.

टाईप करायची तिची एक पद्धत होती. अर्जावरचं नाव पाहून ती कधीच टाकायची नाही. ज्याचं नाव त्याला खुर्चीशेजारी उभं करायची, मोठ्यानं वाचायची, तो मान हलवेल तेव्हा पुढं जायची. कारण रेशनकार्डावर एक नाव, मतदार यादीत दुसरं, आणि एका अक्षराचा फरक पडला की दावा फेटाळला. पेंडालवाहीचा झिंगू पुंगाटी चाळीस किलोमीटरवरून आला होता. पडद्यावर स्वतःचं नाव उमटताना त्यानं पाहिलं आणि बोटानं काचेला हलकेच शिवून बघितलं.

“हे पुसून जाते का?” त्यानं विचारलं होतं.

“मी आहे तोवर नाई जात,” नूतन म्हणाली होती. तेव्हा काय, सहज बोलून गेली. आता ते वाक्य निस्तरायचं होतं.

साहेब अकरा वाजता आले. साताऱ्याकडचे, मऊ बोलणारे, डब्यात रोज दोनच पोळ्या आणणारे. या भागात बदली म्हणजे शिक्षा, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि तेव्हापासून ती शिक्षा संपण्याची वाट बघत होते. एरवी प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी वऱ्हांड्यापर्यंत आवाज जायचा. आज त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नूतन सावध झाली ती तिथंच.

“चारही गावांची माहिती गेली?”

“गेली नाई सायेब. चालू होऊन नाई राह्यला एवढंच. आत असंल.”

“दिसते का?”

“आता नाई दिसत.”

“मग गेलीच म्हणायची.” त्यांनी ड्रॉवरमधून फुलस्केप काढला आणि तिच्यापुढं सरकवला. “खुलासा द्यावा लागेल तुम्हाला. घ्या लिहून, मी सांगतो.”

साहेब सांगत गेले, ती लिहीत गेली. अचानक वीजपुरवठा खंडित झाल्याने संगणक नादुरुस्त झाला असून, पेंडालवाही व इतर तीन गावे यांची माहिती कायमस्वरूपी नष्ट झाली आहे. सबब सदर गावांचा समावेश चालू यादीत करणे शक्य नाही.

‘कायमस्वरूपी’पाशी तिचं पेन थांबलं.

“हे कसं लिहू सायेब? अजून कोणी उघडून बी नाई पाह्यला.”

“उद्या चंद्रपूरहून माणूस येतोय. तो सगळं कोरं करून नवीन टाकून देईल.”

“कोरं केलं तर मंग खरंच जाईन.”

“मॅडम.” साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “त्या चार गावांचा विषय जरा नाजूक आहे. पुढच्या टप्प्यात बघू. तुम्हाला काय मी वेगळं सांगायला पाहिजे?”

वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या पहाडावर दोन वर्षांपासून खाणीच्या मोजणीचे लाल-पांढरे खुंट ठोकले जात होते, जीपगाड्या जात-येत होत्या. गावाच्या नावावर जमीन लागली की खुंट गावाला विचारून ठोकावे लागतील, एवढं कुणालाही कळत होतं. साहेबांना वरून कुणाचा तरी फोन येत असणार. आणि काल लटारूनं मेन पाडून त्यांची मोठीच सोय करून ठेवली होती.

“तुमची अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर एकतीसला संपते,” साहेब म्हणाले, तितक्याच मऊ आवाजात. “नवीन मी काढणारच आहे. लटारूचेही निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. मेन त्यानं पाडला हे मी कुठं लिहीत नाहीये. मला लिहायला लावू नका.”

हा माणूस ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्याला उलट ओरडता येतं. तिनं कागदाची घडी केली.

“विचार करतो,” ती म्हणाली.

“करा. मी आता गडचिरोलीला निघतोय. उद्या सकाळी सही करून टेबलावर ठेवा.”

जीप गेल्यावर ती जागेवर येऊन बसली. विचार करण्यासारखं बरंच होतं. बाप हरिदास दोन एकर धानाच्या भरवशावर, तो भरवसाही पावसावर. आई बायनाबाई अजून दुसऱ्याच्या शेतात धानाच्या रोवणीला जायची. पहिली ऑर्डर आली तेव्हा आईनं ती बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवून मेणबत्ती लावली होती आणि गल्लीभर सांगत सुटली होती, की माही पोरगी कचेरीत लागली. हे सगळं नूतनच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला भीती वाटली. खरोखरची. मग तिला भीती वाटली याचाच राग आला, आणि ती उठून संगणकाच्या मागच्या वायरी काढायला लागली.

“हे काय करून राह्यल्या?” लटारूनं विचारलं.

“नेतो याले. रूहीच्या दुकानात.”

“बाई, सरकारी हाये ते!”

“म्हणूनच नेऊन राह्यली. माह्या घरचा असता तर फेकून दिला असता.”

तिनं साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. ‘संगणक दुरुस्तीस नेला आहे. नूतन अलोणे.’ खाली तारीख आणि वेळ टाकली. चोरून न्यायचा नव्हता तो तिला. डबा उचलायला वाकली तर लटारूनं आधीच दुपट्टा सोडून त्याच्याभोवती गुंडाळला होता.

“तुमी नका हात लावू, लटारूभाऊ. चौदा महिने हायेत तुमचे.”

“चौदा महिने गेले खड्ड्यात,” लटारू म्हणाला आणि डबा खांद्यावर घेतला.

मे महिन्याची दुपार. अहेरीच्या बाजारात कुत्रंही सावली सोडून हलत नव्हतं. रूहीचं दुकान बसस्टँडच्या मागं, आधी तिच्या बापाचं रेडिओ दुरुस्तीचं. कमरुद्दीनभाई गेल्यावर तिनं त्यात संगणक मांडला होता. लग्नपत्रिका, फोटो, अर्ज, आणि मशीन बिघडलं तर मशीन. नूतन आणि ती कॉलेजला एका बाकावर बसलेल्या.

“या अल्ला!” लटारूच्या खांद्यावरचं ओझं पाहून रूही म्हणाली. “आज सरकारलेच उचलून आणलं का वो?”

“मस्करी नको करू. यातली यादी पाह्यजे. कशी बी पाह्यजे.”

रूहीनं आणखी काही विचारलं नाही. स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला. आत बोटभर धूळ आणि कोपऱ्यात कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं घर. तिनं ब्रशनं सगळं झाडलं, हार्ड डिस्क सोडवली आणि स्वतःच्या संगणकाला जोडली.

“विंडोज मरू दे,” ती म्हणाली. “ते नंतर बी टाकता येते. आधी माल काढू.”

तिच्या पडद्यावर नवीन ड्राइव्ह उमटला. रूहीनं दोनदा क्लिक केलं. एक लहानशी चौकट आली. नूतननं ती वाचली आणि परत वाचली. ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

“म्हणजे गेलं?”

“हे असंच विचारते. वाचता नाई आलं की म्हणते कोरंच करून टाकू.” रूही बोलत होती पण तिचा हातही माऊसवर थांबला होता. “हो म्हटलं की खल्लास. तुह्या सायबाचा माणूस येऊन हेच करणार होता.”

तिनं ‘नाही’ दाबलं. मग काळी खिडकी उघडून दोन-तीन शब्द टाईप केले, एन्टर मारलं. डिस्क तपासली जायला लागली. कोपऱ्यात टक्के दिसायला लागले. एक. एक. एक. दोन.

“किती वेळ?”

“दोन तास. अडीच. मधात बंद नाई पडलं पाह्यजे.”

बरोबर दोन वाजता लाईन गेली. जायचीच होती, रोज दोन ते चार लोडशेडिंग. इन्व्हर्टर गुरगुरला आणि संगणक चालू राहिला. रूहीनं उठून आधी पंखा बंद केला, मग ट्यूब, मग प्रिंटर. एक माणूस पोरीच्या लग्नाची पत्रिका तपासायला आला, त्याला तिनं दारातूनच परत लावलं.

“दीड तास चालते बॅटरी,” ती म्हणाली. “पंखा नसला तर जरा जास्त. बसा आता शिजत.”

तिघंही बसले. पत्र्याचं छप्पर तापून आत भट्टी झाली होती. रूहीची ओढणी भिजून मानेला चिकटली. नूतन आकड्यावर डोळा ठेवून होती. तेवीस. बराच वेळ तेवीस. लटारू उंबऱ्यावर बसला होता, तिथून त्याला आकडा दिसत नव्हता आणि विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी तो भलतंच बोलला.

“बाई, माह्या नावाचा कागद द्याचा असंल तर देऊन टाका सायबाले. मेन मीच पाडला. मी सही करतो.”

“गप बसा, लटारूभाऊ!” नूतन एवढ्यांदा ओरडली की रूही दचकली. मग नूतननं आवाज खाली आणला, पण राग खाली आला नाही. “मेन पाडला ते बरोबर पाडला. तसा हुकूमच हाये. मी तुमाले तोंडानं सांगाले पाह्यजे होतं, कागद चिकटवून पळाली. चूक माही. ते मी शंभर वेळा लिहून द्याले तयार आहो. पण यादी गेली, हे लिहाचं? एकशे एकोणीस घरं गेली म्हणून? ती चूक नाई होय. ते खोटं हाये. अन् ते सायेब माह्या हातानं लिहून घेऊन राह्यले, ते बी तुमचं नाव मधात घालून. म्हणजे मी सही केली तर तुमच्यावर उपकार, अन् नाई केली तर तुमचा घात. काऊन? आपल्या दोघाले एकमेकाच्या गळ्यात बांधून हे मोकळे!”

लटारू दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिला.

एकाहत्तरवर इन्व्हर्टरनं टीं टीं करायला सुरुवात केली. रूहीनं पडद्याचा उजेड अगदी कमी केला. अठ्ठ्याहत्तर. टीं टीं. पंच्याऐंशी. नूतननं खुर्चीची कड घट्ट धरली होती. चौऱ्याण्णववर तर तो आवाज अखंड झाला, आणि रूहीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. शंभर झाले. तिनं ड्राइव्ह उघडला, फोल्डर उघडला, फाईल उघडली.

पेंडालवाही. अनुक्रमांक एक, झिंगू पुंगाटी.

“आली,” रूही म्हणाली आणि क्षणाचीही उसंत न घेता ती फाईल सीडीवर चढवली. सीडी बाहेर आली आणि अर्ध्या मिनिटात बॅटरी बसली. पडदा काळा झाला.

“रोऊन राह्यली का?” रूहीनं विचारलं.

“घाम होय.”

चारला लाईन आली. रूहीनं डिस्क परत डब्यात बसवली, सीडीवरून विंडोज दुरुस्त केलं. साडेपाचला संगणक कार्यालयात जागेवर होता आणि मुकाट्यानं चालू होत होता. नूतननं यादी छापली. सहा पानं. ती गुरुवारी साहेबांच्या हातात दिली की काय होईल, याचा तिनं विचार केला. साहेब ती ड्रॉवरमध्ये ठेवतील आणि ड्रॉवर बंद करतील. सहीशिवाय यादी म्हणजे नुसता कागद. म्हणून ती बसस्टँडवर गेली. विडीसाठीचा तेंदूपत्ता तोडायचे दिवस होते, पहाडाकडं ठेकेदाराची गाडी रोज संध्याकाळी जायची. खुशाल नावाचा तिचा ड्रायव्हर ओळखीचा होता.

“पेंडालवाहीले निरोप सांग,” ती म्हणाली. “बाकी तीन गावाले बी. उद्या दहा वाजता यादी वाचून दाखवणार हाये म्हणा. ज्याचं नाव त्यानं ऐकाले या.”

“पत्ता तोडाचे दिवस आहेत बाई. एक दिवस बुडवून येतीन का ते?”

“तू निरोप सांग.”

गुरुवारी दहा वाजता वऱ्हांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ठेकेदाराच्या परतणाऱ्या गाड्यांवर बसून चाळीसेक माणसं आली होती, बाया होत्या, काहींच्या बोटांना अजून पानांचा काळा चीक होता. झिंगू पुंगाटी खांबाला टेकून बसला होता. नूतन दारात उभी राहून नावं वाचत गेली. नाव आलं की माणूस नुसता हात वर करायचा. अठरा नावांपर्यंत ती आली होती तेव्हा साहेबांची जीप आवारात शिरली.

साहेबांसोबत चंद्रपूरचा माणूस होता, पाठीला बॅग लावलेला. तो संगणकापुढं बसला, इकडंतिकडं क्लिक केलं.

“सर, हा तर चालू आहे,” तो म्हणाला.

लटारूनं त्याला चहा आणून दिला. तो पिऊन माणूस बाराच्या बसला निघून गेला.

साहेब आपल्या खुर्चीत बसले. समोर नूतनची कालची चिठ्ठी होती. त्यांनी ती वाचली, उलटी केली, परत वाचली.

“खुलासा कुठंय?”

“सही नाई केली सायेब. यादी आहे.” तिनं सहा पानं पुढं ठेवली. “एकशे एकोणीस. सही पाह्यजे.”

साहेबांनी पानांना हात लावला नाही.

“सरकारी मालमत्ता. परवानगीशिवाय. खाजगी दुकानात. याचा अर्थ कळतो तुम्हाला?”

“कळते.”

“एकतीसपर्यंत थांबायची मला गरज नाही. आजच्या आज कार्यमुक्त करू शकतो मी तुम्हाला.”

“करा,” नूतन म्हणाली. तिचा आवाज थरथरला आणि तो थरथरला हे दोघांनाही ऐकू आलं. तरी तिनं नजर खाली घातली नाही.

साहेबांनी घंटी वाजवली. लटारू आत आला. गेल्या तीन वर्षांत साहेब जे वाक्य रोज चारदा म्हणायचे ते त्यांच्या तोंडून आपोआप निघालं.

“मॅडमना बोलवा. एक ऑर्डर टाईप करायचीय.”

लटारूनं साहेबांकडं पाहिलं. मग साहेबांच्या समोरच उभ्या असलेल्या नूतनकडं पाहिलं. अख्ख्या कार्यालयात त्या संगणकावर मराठी टाईप करता येणारं दुसरं माणूस नव्हतं.

“करतो न,” नूतन म्हणाली. “मजकूर मले पाठ आहे.”

ती जागेवर जाऊन बसली. नवीन फाईल उघडली. वर जावक क्रमांकाची जागा सोडली, तारीख टाकली. आणि सवयीनं, नाव टाकताना ती मोठ्यानं वाचायला लागली.

“कुमारी नूतन हरिदास अलोणे, कंत्राटी संगणक चालक...”

दाराशी बसलेल्या झिंगूनं मान वर केली.

“हे कोणाचं नाव?” त्यानं लटारूला विचारलं.

“बाईचं.”

“बाईले बी जमीन भेटते का?” झिंगूच्या चेहऱ्यावर खरीखुरी खुशी होती.

लटारू तोंड फिरवून पाण्याच्या माठाकडं गेला.

नूतन लिहीत राहिली. शासकीय मालमत्ता विनापरवानगी कार्यालयाबाहेर नेल्याचे निदर्शनास आल्याने, हे तिनं नीट लिहिलं, काही कमी केलं नाही की वाढवलं नाही. ‘निदर्शनास’मधला रफार तपासला. छापून काढलं आणि आत गेली. तिच्या मागोमाग झिंगू उठला, त्याच्या मागं बाकीचे. कोणी आत शिरलं नाही. दारात आणि दोन्ही खिडक्यांत चाळीस माणसं उभी राहिली आणि साहेबांकडं बघत राहिली. कोणी घोषणा दिली नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही.

तिनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले. यादी वर, ऑर्डर खाली.

साहेबांनी दाराकडं पाहिलं, खिडक्यांकडं पाहिलं. रुमालानं कपाळ टिपलं. मग पेन उघडून पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्यावर. प्रत्येक पानावर करावी लागत होती. सहाव्या पानावर सही झाल्यावर लटारूनं कोणी न सांगता शिक्का मारला, पानं उचलली आणि जिल्ह्याला आजच जाणाऱ्या टपालात घालायला घेऊन गेला. दारातल्या माणसांनी त्याला वाट करून दिली.

आता टेबलावर एकच कागद उरला. साहेबांनी तो वाचला. एकदा, मग शांतपणे दुसऱ्यांदा. त्यात कुठं चूक सापडते का, हे बघत असावेत. सापडली नाही.

“राहू द्या हे,” ते म्हणाले. आवाज परत पहिल्यासारखा मऊ झाला होता. “माझ्याकडं असू द्या. नंतर बघू.”

त्यांनी ड्रॉवर उघडला. नूतनला तो ड्रॉवर माहीत होता. त्यात गेलेला कागद मरत नाही, आणि गरज पडेल तेव्हा बाहेर येतो. पुढच्या यादीच्या वेळी धाक दाखवायला येईल. त्याच्या पुढच्याही.

“नंतर नाई, सायेब,” ती म्हणाली.

तिनं कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला, सरळ करून त्यांच्यापुढं ठेवला, आणि जिथं सही करायची त्या जागेवर बोट ठेवलं. साहेबांनी पेन टोपणात घातलं तरी तिनं बोट उचललं नाही.